शाळेसमोरचा महामार्ग आणि वेगाची मर्यादा

स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रावर चार पाने लिहून द्यावीत असे आम्ही मनाशी ठरविले होते. कला शाखेचा पदवीधर आणि त्यात बँकेतला कारकून, म्हणजे हाती लेखणी आहे पण विषय नाही अशी आमची नेहमीची अवस्था. परंतु त्याच आठवड्यात आमच्या काउंटरवर एक बाई आल्या आणि विषय आपोआप समोर उभा राहिला.

या बाई दर तीन महिन्यांनी बँकेत येतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या आदेशाने त्यांच्या नावे एक मुदत ठेव आमच्या शाखेत आहे. मूळ रक्कम न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही, फक्त व्याज बचत खात्यात जमा होते. त्यांची मुलगी तिसरीत होती. २०१४ साली सकाळच्या शाळेला जाताना महामार्ग ओलांडत असता ट्रकखाली सापडली. ठेवीची पावती २०१७ साली आम्हीच आमच्या हाताने लिहिली. रक्कम किती, हे येथे सांगण्याचे कारण नाही.

त्या दिवशी पासबुकावर नोंद करून घेतल्यावर बाई नेहमीप्रमाणे निघून न जाता तेथेच उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "दादा, माहा लहाना पोरगा आता त्याच शाळेत जाते. तिथं गाड्या हळू चालवा म्हणून पाटी लागन म्हणत होते. ते काम कोणाकडं असते जी?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. बाईंना आम्ही "चौकशी करून सांगतो" एवढेच म्हणालो. चौकशी करता करता जे समजले, जे वाचले आणि जे स्वतः रस्त्यावर उभे राहून पाहिले, ते वाचक बंधु-भगिनींसमोर ठेवीत आहोत. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, नातवंडे अशाच रस्त्याकाठच्या शाळांतून शिकत आहेत. कित्येक वाचक स्वतः शिक्षक आहेत. त्यांना याचा काही उपयोग झाला तर बरेच.

प्रथम जागेचे वर्णन करतो, कारण महाराष्ट्रातल्या शेकडो गावांना ते लागू पडेल. शाळा जिल्हा परिषदेची, कौलारू, रस्त्याच्या उत्तरेस. वस्ती दक्षिणेस. शाळा बांधली गेली तेव्हा मध्ये जो रस्ता होता तो एकपदरी, दुतर्फा कडुनिंबाची झाडे असलेला, आणि बैलगाडी आली की एस.टी.ला कडेला थांबावे लागे असा होता. पुढे तो दुपदरी झाला. झाडे गेली. मग चौपदरी झाला व मध्ये दुभाजक आला. लोक म्हणतात की शाळा महामार्गावर बांधलीच कशाला. शाळा होती तेथेच आहे, महामार्ग तिच्या फाटकापर्यंत चालत आला आहे. दुभाजकात अधिकृत वाट जवळपास अर्धा किलोमीटर पुढे, पेट्रोल पंपाजवळ आहे. आठ वर्षांचे मूल पाठीवर दप्तर घेऊन जाता-येता तेवढे जास्त चालणार नाही हे कोणीही सांगू शकेल. म्हणून शाळेच्या समोर दुभाजकाचे दोन दगड कोणीतरी केव्हातरी काढून ठेवले आहेत आणि सर्व मुले तेथूनच पलीकडे जातात.

आता थोडी आकडेवारी, कारण आकड्यांशिवाय आमच्यासारख्या बँकवाल्याला चैन पडत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पायी चालणारे ३२,८२५ होते. अठरा वर्षांखालील मुले ९,५२८ होती. म्हणजे दररोज सरासरी सव्वीस मुले. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा साधारण दोन टक्के, पण अपघाती मृत्यूंत तो छत्तीस टक्क्यांवर. आणि ज्या कारणाच्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा आहे ते कारण म्हणजे अतिवेग. शंभरातील एकाहत्तर मृत्यू त्या रकान्यात आहेत.

तेव्हा प्रश्न असा की, शाळेसमोर वेग किती असावा हे ठरवतो कोण?

याचे उत्तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ मध्ये आहे. या कलमाचे दोन भाग ध्यानात घ्यावेत. पहिल्या भागाने केंद्र शासन संपूर्ण देशासाठी वाहनांच्या प्रकाराप्रमाणे कमाल वेग ठरविते. उदाहरणार्थ, ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारगाडीला ताशी १०० कि.मी. आणि मालवाहू वाहनाला ८० कि.मी. अशी मर्यादा घातली होती. ही मर्यादा मोकळ्या रस्त्याची. दुसऱ्या भागाने राज्य शासनाला, किंवा राज्य शासनाने ज्याला अधिकार दिला आहे अशा अधिकाऱ्याला, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या विशिष्ट रस्त्यावर वा भागात याहून कमी मर्यादा घालता येते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात. राजपत्रात अधिसूचना निघाली पाहिजे, आणि कलम ११६ प्रमाणे योग्य ठिकाणी वाहतूक चिन्हाची पाटी उभी राहिली पाहिजे. नुसती अधिसूचना कपाटात राहिली तर वाहनचालकाला ती कळणार नाही, आणि अधिसूचनेविना पाटी लावली तर दंड करणाऱ्याचा पाय घसरेल. म्हणजे मर्यादा घालणारे कार्यालय वेगळे व महामार्गावर खांब पुरणारे कार्यालय वेगळे. आमच्या बाईंची पाटी एवढी वर्षे का लागली नाही, याचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

याच कलमाला एक पुरवणी वाक्य जोडलेले आहे व ते फार कमी लोकांच्या वाचनात येते. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल तर राजपत्रातील अधिसूचनेची गरज नाही. म्हणजे जून अखेरीस आमच्या विदर्भातील शाळा उघडतात तेव्हा, पहिलीची नवी मुले प्रथमच रस्त्यावर येतात त्या महिन्यापुरती तरी मर्यादा घालण्यास राजपत्राची वाट पाहावी लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे, कारण तो आमचाही होता. आमच्या शाळेच्या अलीकडे एक पाटी फार दिवसांपासून आहे. लाल काठाचा त्रिकोण, आत दप्तर घेतलेली दोन मुले. ती पाहून आम्हाला वाटे, पाटी तर आहे, मग बाई कोणती पाटी मागतात? परंतु वाहतूक चिन्हांत त्रिकोण हा सावधगिरीचा इशारा असतो. "पुढे शाळा आहे, जपून" एवढेच तो सांगतो. त्याने कोणताही वेग ठरत नाही. लाल काठाचे वर्तुळ आणि आत आकडा, ही आज्ञा असते. ती मोडली तर कलम १८३ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमात हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये आणि मध्यम वा जड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंड सांगितला आहे, व पुन्हा गुन्हा केल्यास चालकाचा परवाना जप्त होऊ शकतो. वाचकांनी आपापल्या गावच्या शाळेसमोर जाऊन पाहावे. पुष्कळ ठिकाणी त्रिकोण आढळेल, वर्तुळ क्वचित.

मग वर्तुळात आकडा कोणता असावा? ४० की ३०? येथे मुलाच्या डोळ्याने रस्ता पाहावा लागतो.

मोठी माणसे म्हणतात, "पोराला सांगा, नीट पाहून ओलांड." सांगावे, जरूर सांगावे. परंतु स्वीडनच्या स्टीना सँडेल्स या संशोधिकेने १९६० च्या दशकात मुलांच्या रस्त्यावरील वागणुकीचा अभ्यास करून असे दाखविले की, लहान मुलाला कितीही शिकविले तरी मोठ्यांच्या रहदारीत सुरक्षित वागणे त्याच्या वयाला पेलत नाही. आवाज कोणत्या बाजूने येतो, गाडी किती दूर आहे, ती थांबलेली आहे की चाललेली आहे, यांत त्याची गफलत होते. एकदा पलीकडे मित्र दिसला की इतर सर्व विसरते. पुढे २०११ साली ब्रिटनमधील प्रा. जॉन वान व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मोजून दाखविली. समोरून येणारी गाडी जवळ येताना डोळ्यात तिचा आकार वाढत जातो, आणि त्या वाढीवरूनच माणूस वेगाचा अंदाज करतो. प्राथमिक शाळेतील मुलांची ही जाण अपुरी असते. ताशी वीस मैल, म्हणजे सुमारे ३२ कि.मी. याहून वेगाने येणारी गाडी त्यांना "येत आहे" अशी दिसतच नाही, ती उभी असल्यासारखी भासते. आम्ही हे वाचले तेव्हा बराच वेळ तसेच बसून राहिलो. बाईंच्या मुलीच्या प्रकरणात ट्रकचालकाने जबाबात म्हटले होते की, "मुलगी माझ्याकडे पाहत होती, तरी पुढे आली." त्याचे म्हणणे तेव्हा सर्वांना खोटे वाटले होते. आम्हालाही.

आता अंतराचा हिशोब. ताशी ८० कि.मी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. ताशी ३० ने जाणारे आठ मीटर. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकांत चालकाला धोका दिसणे, तो समजणे व पाय ब्रेकवर जाणे यांस अडीच सेकंद धरले आहेत, आणि त्यात ब्रेक लागून थांबण्याचे अंतर मिळविले आहे. त्यानुसार ३० कि.मी. वेगाला ३० मीटर, ५० ला ६० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर पुढचे दिसावे लागते. दोन पदर ओलांडायचे म्हणजे साधारण सात मीटर. मुलाला सहा-सात सेकंद लागतात. सात सेकंदांत ८० च्या वेगाची गाडी दीडशे मीटरहून जास्त अंतर कापते. अर्थात मुलाने पहिले पाऊल टाकले तेव्हा जी गाडी त्याच्या हिशोबी गावाबाहेर होती, ती ते पलीकडे पोचण्याआधी त्याच्यावर येऊन ठेपते.

आणि धडक झालीच तर? वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते हे शाळेच्या विज्ञानातच आहे. ३० ऐवजी ८० धरले तर ती सातपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मोटारीच्या समोरच्या बाजूची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ५० वरून ६५ कि.मी. वेगावर जाताच साडेचार पटींनी वाढतो. याच कारणाने फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक मंत्रिपरिषदेने जेथे पादचारी, सायकलस्वार आणि मोटारी एकत्र येतात तेथे ताशी ३० कि.मी. हीच कमाल मर्यादा असावी असा जाहीरनामा काढला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याला दुजोरा दिला.

परदेशांतील उदाहरणे थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळून सर्व शहरात ३० ची मर्यादा घातली. दक्षिण कोरियात १९९५ पासून शाळांभोवती बालसंरक्षण क्षेत्रे आहेत, तेथेही आकडा ३० च. मात्र हे बहुतेक शहरांतील रस्ते झाले. आमच्या प्रश्नाला जास्त जवळचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचे आहे. तेथे मोठ्या हमरस्त्यांवरही शाळेपुरती ४० ची मर्यादा असते, पण ती फक्त शाळेच्या दिवशी, सामान्यतः सकाळी ८ ते ९.३० आणि दुपारी २.३० ते ४ या वेळात. त्या वेळी पाटीवरचे दिवे लुकलुकू लागतात. आम्हाला ही कल्पना फार पसंत पडली. रात्री दोन वाजता ओस पडलेल्या शाळेसमोर ट्रकवाल्याला ३० ने जा म्हटले तर तो ऐकणार नाही, आणि एकदा न ऐकण्याची सवय लागली की सकाळी दहालाही ऐकणार नाही.

येथे आमच्या मेहुण्यांचे म्हणणे नमूद करणे न्यायाचे होईल. ते स्वतः वीस वर्षे ट्रक चालवीत आहेत. आम्ही मोठ्या उत्साहाने आमचा विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, "भाऊजी, तुम्ही शाळेच्या फाटकासमोर तीसची पाटी ठोकाल. भरलेली गाडी ऐंशीवरून एकदम तीसवर येते काय? ब्रेक मारला तर मागची गाडी माझ्यात घुसते. मला अर्धा किलोमीटर आधी सांगा, टप्प्याटप्प्यानं सांगा, मी कशाला नाही म्हणू? मलाही लेकरं आहेत." त्यांचे म्हणणे अगदी शास्त्राला धरून आहे. वेग पायरीपायरीने उतरवावा लागतो, प्रथम ६०, मग ४०, मग ३०. प्रत्येक पाटीच्या आधी रस्त्यावर आडवे जाड पट्टे असावेत, की चाकाखाली खडखडाट होऊन झोपाळलेला चालकही सावध व्हावा.

गतिरोधकाचा आग्रह मात्र गावकऱ्यांनी विचारपूर्वक धरावा. अपघात झाला की संध्याकाळी गावचे तरुण मुरूम-डांबराचा ढीग रस्त्यावर आडवा टाकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण असा ढीग रात्री न दिसून दुचाकीस्वारच पडतो, आणि बहुधा तो आपल्याच गावचा असतो. मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सें.मी. उंच, गोलाई दिलेला असतो व तो ताशी २५ कि.मी. वेगासाठी असतो. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक नसावेत असेच धोरण असून २०१६ मध्ये मंत्रालयाने असलेले काढून टाकण्याचे आदेशही दिले. त्यामुळे महामार्गासाठी गतिरोधक मागितला की अर्ज तेथेच परत येतो. आडवे पट्टे, वेगाच्या पाट्या, शाळेच्या बाजूने लोखंडी कठडा, दुभाजकात उभे राहण्यापुरती सुरक्षित जागा, लुकलुकणारा दिवा, हे मागितले तर नियमाचे कारण पुढे करता येत नाही.

पादचारी पुलाचेही असेच. पूल झाला की सर्वांना समाधान वाटते, फीत कापली जाते. पण चाळीस-पन्नास पायऱ्या चढून उतरायला आठ वर्षांचे मूल, म्हातारी आजी आणि सायकलवाला विद्यार्थी यांपैकी कोणीही खुशीने तयार होत नाही. भुयारी मार्ग जमिनीच्या पातळीवर असेल तर लोक वापरतात, मात्र त्यात पावसाचे पाणी आणि अंधार असता कामा नये. ही मोठ्या खर्चाची कामे आहेत. ती होईपर्यंत मुले रोज रस्ता ओलांडणारच, म्हणून वेगाची मर्यादा आधी हवी असे आमचे मत आहे.

अर्ज करण्यापूर्वी खरेच वेग किती आहे ते मोजावे असे आम्हाला वाटले. यासाठी यंत्र लागत नाही. महामार्गाच्या कडेला दर २०० मीटरवर एक लहान दगड असतो. एका दगडापाशी गाडी आली की मोबाईलमधील घड्याळ सुरू करावे, दुसऱ्यापाशी गेली की बंद करावे. ७२० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर निघतात. २४ सेकंद लागले तर ३०, अठरा लागले तर ४०, बारा लागले तर ६०, नऊ लागले तर ८०. एका शनिवारी, शाळा सकाळची असताना, आम्ही व शाळेतील एक शिक्षक असे दोघे दूर शेताच्या बांधावर उभे राहिलो. जवळ उभे राहिले की वाहने पोलीस समजून हळू होतात. बहुतेक मोटारींना नऊ ते अकरा सेकंद लागले. चोवीस सेकंद घेणारे एकच वाहन गेले, ते म्हणजे कडब्याचा ट्रॅक्टर. हा कागद, तारीख-वार-वेळ घालून, आम्ही अर्जाला जोडला. "वाहने भरधाव जातात" असे हजार वेळा लिहिण्यापेक्षा त्या एका कागदाचा जास्त उपयोग झाला.

वेळ वाया जातो असा आक्षेप काहीजण घेतात. त्याचाही हिशोब पाहा. शाळेच्या दोन्ही बाजू मिळून ४०० मीटरचा टप्पा धरला, तर तो ८० च्या वेगाने अठरा सेकंदांत संपतो व ३० च्या वेगाने अठ्ठेचाळीस सेकंदांत. फरक तीस सेकंदांचा. टोल नाक्यावर सुट्ट्या पैशांच्या वादात याहून जास्त वेळ गेलेला आम्ही पाहिला आहे.

अर्ज कोणाकडे करावा? आमचा अनुभव असा की, एकट्याने केलेला अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो व पावसाळ्यात ओला होतो. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचा ठराव घ्यावा. ग्रामसभेचा ठराव घ्यावा. जिल्ह्यात मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ खाली रस्ता सुरक्षा समिती असते. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, परिवहन अधिकारी व रस्त्याचे अभियंते तेथे एकाच टेबलाभोवती बसतात. म्हणून अर्ज त्या समितीच्या नावे करावा, म्हणजे अधिसूचना काढणारा आणि खांब पुरणारा दोघेही एकदम ऐकतात. अर्जात कलम ११२ चा उल्लेख करावा, कलम ११६ चा करावा आणि २०१९ साली आलेल्या कलम १९८-अ चाही करावा. या कलमाप्रमाणे रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे कोणाचा मृत्यू वा अपंगत्व ओढवले तर संबंधित प्राधिकरणाला, कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम आम्ही अर्जात फक्त लिहिले, धमकी म्हणून नव्हे. तरी ते वाचल्यावर समोरच्या साहेबांनी आम्हाला बसायला खुर्ची दिली.

आणखी एक गोष्ट. केंद्राच्या शिक्षण हक्क नियमांत, २०१० च्या, असे आहे की पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, आणि घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर लहान मुलांना धोका असेल तर हे अंतर कमी करून धोका टळेल अशा जागी शाळा द्यावी. दरड, पूर यांबरोबर "धोका" हा शब्द तेथे स्पष्ट आहे. चौपदरी महामार्ग हा पुराहून कमी धोका आहे काय, हे वाचकांनीच ठरवावे. पूर निदान वर्षातून चार दिवस येतो.

जाता जाता बँकेच्या संबंधातील एक माहिती देतो, कारण ती विचारायला लोक आमच्याकडे येतात. धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडले नाही तरी नातेवाइकांना भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये आहेत. पूर्वी हेच पंचवीस हजार व साडेबारा हजार होते. अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात करावा लागतो. पुष्कळ कुटुंबे "गाडीचा नंबरच नाही" म्हणून घरी बसतात, तसे करू नये.

बाईंना आम्ही दिलेला शब्द कसाबसा पाळला आहे. ठराव झाले, अर्ज गेला, मोजणीचा कागद गेला, समितीच्या दुसऱ्या बैठकीत विषय आला. पुढच्या तिमाहीला बाई व्याजाची नोंद करायला आल्या तेव्हा आम्ही त्यांना फाईल कोठे आहे ते सांगितले. त्यांनी ते कार्यालयाचे नाव आमच्याकडून पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतले. त्या स्वतः मुलाला बोटाला धरून तेथे दोनदा जाऊन आल्या हे आम्हाला मागाहून शिक्षकांकडून कळले.

गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या गावाकडून येणाऱ्या बाजूला पाट्या लागल्या. प्रथम ६०, मग ४०, आणि शाळेच्या अलीकडे वर्तुळात ३०. पांढरे आडवे पट्टेही मारले. दुसऱ्या बाजूच्या पाट्या अजून यायच्या आहेत, त्यांच्या खांबांसाठी खड्डे तेवढे खणून ठेवले आहेत. त्यात पाणी साचू लागले तेव्हा एखादे मूल पडेल म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांवर फरश्या टाकून घेतल्या. शनिवारी आम्ही व तेच शिक्षक पुन्हा बांधावर उभे राहिलो. पाट्या असलेल्या बाजूने येणाऱ्या मोटारींना आता चौदा-पंधरा सेकंद लागत आहेत. चोवीस अजून झालेले नाहीत. बिनपाट्यांच्या बाजूला नऊच.